वेंधळेपणाच्या मुळाशी

वाचकहो, आपल्या आप्तेष्टांत अशी एखादी व्यक्ती आपणांस खचित आठवेल, की जिची बुद्धी चांगली, बोलणे चतुर, पण एकही काम वेळेवर पुरे होत नाही. किल्ल्या हरवतात, विजेचे बिल भरावयाचे राहते, साधा अर्ज लिहितानाही घाम फुटतो. अशा माणसाला आपण ‘वेंधळा’ म्हणून मोकळे होतो. शाळेत त्याला ‘ढ’ म्हटलेलेच असते.

माझे धाकटे बंधू असेच. तोंडी हिशेबात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. तरीही कचेरीतील बढती त्यांनी दोनदा नाकारली. बढतीबरोबर अहवाल लिहिणे आले असते, आणि आपले अशुद्ध लेखन चारचौघांत उघडे पडेल ही त्यांना धास्ती. चाळिशीत झोप उडाली, मन खिन्न झाले, तेव्हा आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी खिन्नतेवर उपचार केलेच. शिवाय बालपणाविषयी बारकाईने विचारून दोन जुन्या गोष्टी उजेडात आणल्या: अवधानाची अस्थिरता, जिला ‘एडीएचडी’ म्हणतात ती, आणि वाचनलेखनातील अध्ययन-अक्षमता.

या दोन्हींचा आरंभ बालपणीच होतो. वयाबरोबर हुंदडणे कमी होते, परंतु आतली अस्वस्थता व विसराळूपणा पुष्कळांत टिकून राहतो. यात दोष बुद्धीचा नव्हे, हयगयीचाही नव्हे. तथापि वर्षानुवर्षे बोलणी खाल्लेला मनुष्य स्वतःलाच आळशी समजू लागतो, आणि तेथूनच चिंता व उदासीनता मनात घर करतात.

एडीएचडीवर औषधे आहेत. ती तज्ज्ञांच्याच सल्ल्याने घ्यावीत. वाचनाच्या अडचणीवर गोळी नाही. तेथे सराव, मजकूर वाचून दाखविणारा फोन, कामाचे लहान तुकडे आणि घड्याळाचा गजर उपयोगी पडतात. मनावरचे ओझे उतरविण्यास समुपदेशन साहाय्य करते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन-अक्षमतेस मान्यता दिली आहे. 2022 साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही राज्यातून विनामूल्य सल्ला मिळतो.

बंधूंनी बढती अद्याप घेतलेली नाही. परंतु नकाराचे खरे कारण आता ते मोकळेपणाने सांगतात, आणि रात्री त्यांना झोप लागते.

आपल्या घरी असे कोणी असेल, तर ‘जरा लक्ष दे’ असे म्हणण्याआधी ‘नेमके अडते कोठे?’ एवढे एकदा मायेने विचारून पाहावे.