हाफिजपेट ते लिंगमपल्ली : नऊ वर्षं, पाच घरं

हैदराबादच्या मराठी माणसाला ‘कुठं राहता?’ असं विचारलं की आमच्या आजोबांच्या काळात उत्तरं ठरलेली असत : काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी, शालिबंडा. १९०७ साली सुरू झालेली विवेक वर्धिनी शाळाही त्याच बाजूला. एकदा घर झालं की तीन पिढ्या पत्ता तोच. माझ्या वयाच्या मंडळींचा पत्ता मात्र दर दोन वर्षांनी बदलतो. आयटीच्या नोकऱ्या शहराच्या पश्चिमेला, म्हणून हायटेक सिटीपासून लिंगमपल्लीपर्यंत आपली कितीतरी कुटुंबं विखुरलेली आहेत, आणि त्यातली बरीच भाड्याच्या घरात. आमची नऊ वर्षांत पाच घरं झाली. एका मालकाचा मुलगा अमेरिकेहून परत आला, दुसऱ्यानं फ्लॅट विकायला काढला, तिसऱ्यानं भाडं असं वाढवलं की आम्हीच हात जोडले.

करार अकरा महिन्यांचा का असतो, हे मुलं हमखास विचारतात. मूळ नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो. ती खटपट आणि खर्च टाळायला लोक अकरा महिन्यांचा करार करत आले. पुण्याच्या मामेभावाला हे सांगितलं की तो चकित होतो, कारण महाराष्ट्रात मुदत कितीही असो, करार नोंदवावाच लागतो.

घर शोधण्याची इथली रीत अजून पायी फिरण्याची आहे. ॲपवर फोटो बघा जरूर, पण गेटवर ‘टू-लेट’ची पाटी टांगलेली असते आणि खरी माहिती वॉचमनकडे असते. तो पार्किंगशेजारच्या खोलीत कुटुंबासह राहतो. आधीचे लोक का गेले, मालक कसा आहे, सगळं त्याला ठाऊक. त्याला पहिला प्रश्न पाण्याचा विचारावा : मे महिन्यात टँकर किती येतात, आणि मंजीरा येतं का? इथं नळाच्या गोड्या पाण्याला लोक सरसकट ‘मंजीरा’ म्हणतात. ही मंजीरा म्हणजे आपली बीड जिल्ह्यात उगम पावणारी मांजरा. लातूर, बीदर करत ती तेलंगणात येते. आता शहराला कृष्णा-गोदावरीचंही पाणी मिळतं, पण नाव तेच राहिलं. नुसत्या बोअरवर चालणाऱ्या इमारतीत पाणी जड असतं. नळाभोवतीचा पांढरा थर पाहिला की कळतं. पूर्वाभिमुख घरासाठी इथं फार ओढाताण असते, भाडंही चढं. पश्चिमेचं दार चालत असेल तर घासाघीस करायला जागा मिळते. आम्हाला चालतं.

आषाढात इथली मंडळी घर बदलत नाहीत. तो बोनालूचा महिना : आधी गोवळकोंडा, मग सिकंदराबादची उज्जयिनी महाकाली, मग लाल दरवाजा. आपल्याकडेही आषाढात गृहप्रवेश टाळतात, त्यामुळे आईची आणि मालकिणीची पंचांगावरून लगेच एकी होते. पण करार आषाढात संपत असेल तर? यावर इथलीच एक सुंदर तोड आहे. ज्येष्ठात चांगला दिवस बघून किल्ली घ्यायची, नव्या ओट्यावर दूध उतू घालवायचं, देव ठेवून यायचं. घरात प्रवेश झाला, आता सामान कधीही न्या. अट एकच, नवं घर तोवर रिकामं हवं. आषाढात गाड्याही सहज मिळतात.

गाडीला इथं ‘डीसीएम’ म्हणतात. डीसीएम टोयोटा ही कंपनी कधीच गेली, मधल्या आकाराच्या ट्रकला तिचं नाव चिकटलं ते चिकटलंच. सामान बांधण्याबद्दल मी फार लिहीत नाही, पैसे दिले की ते होतं. फक्त एक खोकं स्वतः भरावं, शेवटी चढवावं, आधी उतरवावं : चहा-साखर, दुधाचं पातेलं, लायटर, औषधं, चार्जर, पान्हा, एक चादर. विजेच्या मीटरचा फोटो दोन्ही घरी काढावा, आणि रिकाम्या घराचा व्हिडिओ निघताना करावा. भिंतीतल्या खिळ्यांवरून आमच्या डिपॉझिटमधून एकदा बरीच रक्कम कापली जाणार होती. व्हिडिओ दाखवल्यावर निम्मी सुटली. मतदार यादीतला पत्ता बदलायला आठ नंबरचा फॉर्म भरायचा. गॅसचा सिलिंडर त्याच शहरात, त्याच कंपनीचा असेल तर परत करावा लागत नाही, नुसती वितरकाची बदली होते.

हे सगळं एका शनिवार-रविवारात उरकतं. खरा ताण आईचा होता. काचीगुड्याच्या घरात तिनं चाळीस वर्षं काढली, ते वाटणीत गेलं आणि ती आमच्याकडे आली. हाफिजपेटच्या इमारतीत तिला दोन तेलुगू आजी मिळाल्या. रोज सहाला पार्किंगच्या बाकावर तिघींची बैठक, आईचं तेलुगू आणि त्यांचं हिंदी अशा खिचडीत. तिथून मियापूरला गेलो. नकाशावर अंतर चार किलोमीटर, पण मध्ये मुंबई हायवे. पंधरा दिवस ती खाली उतरली नाही. मी विचारलं तर म्हणाली, “आता पुन्हा कुणाला सांगू, माझं नाव काय ते?”

तेव्हापासून आम्ही आधी घर बघत नाही, आधी वर्तुळ आखतो. मध्यबिंदू चंदानगर स्टेशन, तिथून पायी पंधरा मिनिटं, हायवे ओलांडायचा नाही. लिंगमपल्लीहून फलकनुम्याला जाणारी एमएमटीएस काचीगुड्याला थांबते. गाड्या मोजक्या आहेत, पण आई वेळा पाठ करून बसते आणि महिन्यातून दोनदा जुन्या मैत्रिणींकडे एकटी जाऊन येते. उलट दिशेच्या कंटाळ्यातून मीही सुटलो, हायटेक सिटी याच मार्गावर. मुलीची शाळा त्यानंतर बदलली नाही, आईचा भाजीवाला आणि डॉक्टरही नाही. या वर्तुळात घरं थोडी जुनी मिळतात, लिफ्ट कधी बंद असते, क्लबहाऊस वगैरे काही नाही. सहकाऱ्यांना ते विचित्र वाटतं. हाफिजपेटच्या आजींपैकी एक गाडीनं एका स्टेशनावरून येते, तिला आई पुरणपोळी शिकवते आहे. तेलुगूत ती बोब्बट्लु, त्यामुळे कोण कुणाला शिकवतंय यावर अजून वाद आहे.

आताचा करार दिवाळीनंतर संपतो. मालकांनी ‘बघू’ म्हटलंय, म्हणजे काय ते आम्हाला कळतं. स्टेशनमागच्या गल्लीत दोन पाट्या लागल्यात. आई उद्या भाजी आणायला जाताना वॉचमनला पाण्याचं विचारून येणार आहे.