चुंबळ, व्हर्जन २.०

शुक्रवारी रात्री पुण्याहून बस पकडायची, आंबा घाटात पेंगत पेंगत उतरायचं आणि शनिवारी सकाळी रत्नागिरीला घरच्या चहाला हजर व्हायचं, हा आपला महिन्यातून एकदाचा ठरलेला कार्यक्रम. गणपतीनंतरच्या पहिल्या खेपेला मात्र चहा आला तो नुसत्या कपातून. बशी गायब!

मग लक्ष गेलं टीपॉयकडे. फणसाच्या लाकडाचा, आजोबांनी करून घेतलेला. त्यावर पांढरी वर्तुळंच वर्तुळं. गरम कप थेट ठेवला की खालची वाफ लाखेच्या पॉलिशमध्ये शिरते आणि तिथे पांढरट कडं उमटतं. मी मोजली, चौदा होती.

"बशा फुटल्या का गं सगळ्या?" मी आईला विचारलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "बाबांनी बंद केलीये बशी."

बाबांच्या उजव्या हाताला वर्षभरापासून कंप आहे. औषध चालू आहे. पण बशीत कप खडखडतो आणि तो आवाज त्यांना नको असतो. आधी बशी गेली. मग कुणी आलं की "माझा आत्ताच झाला" म्हणायला लागले. यंदा मखराची कात्रीसुद्धा त्यांनी माझ्या हातात दिली. मला वाटलं होतं, पोराला कौतुकाने पुढे करताहेत. आपण किती ढ असतो ना!

असो. प्रॉब्लेम कळला की इंजिनीयरला सोल्यूशन सुचलंच पाहिजे. म्हटलं, कोस्टर करू. माळ्यावर मखरातून उरलेल्या सामानाची पिशवी होतीच. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून आमचं मखर पुठ्ठा, कापड आणि सुंभाचं असतं. त्यातलं उरलेलं सगळं आई जपून ठेवते.

व्हर्जन १.० एकदम झकास! सावंतवाडीचे गंजिफा पत्ते पाहिलेत? गोल असतात. दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते. मी तेवढीच आयडिया ढापली. पुठ्ठ्याच्या चकत्या कापल्या, त्यावर वेल्वेट पेपर, कडेला सोनेरी लेस, मध्ये टिकल्यांचा मासा. मत्स्यावतार!

टेस्टिंगला बाबांनाच बसवलं. टिकल्यांवर कप डगमगला, चहा सांडला, वेल्वेटचा लाल रंग सुटला आणि पांढऱ्या गोंदाने ओल लागताच हात टेकले. लेस बाबांच्या बोटाला चिकटून वर आली.

बाबा शांतपणे म्हणाले, "मत्स्यावतार आहे. पाण्यात जाणारच."

कितीतरी दिवसांनी ते असं काहीतरी बोलले.

मग त्यांनीच पिशवी उपडी केली आणि सुंभाचं भेंडोळं बाहेर काढलं. "हे घे. गुंडाळायचं आणि शिवायचं. गोंद नको." आई स्वयंपाकघरातून बघत होती. म्हणाली, "म्हणजे चुंबळच की रे!" खरंच की. डोक्यावर हंडा घेताना किंवा गोल बुडाचं भांडं जमिनीवर ठेवताना खाली जी असते ती चुंबळ. मी तिला इतका वेळ कोस्टर कोस्टर म्हणत होतो.

आता कृती. सहा मिलिमीटर जाडीचा सुंभ नऊ सेंटिमीटरच्या चकतीला साधारण एक मीटर लागतो (वर्तुळाचं क्षेत्रफळ भागिले जाडी, शाळेतलं गणित अखेर कामी आलं). पाण्यात भिजवून पिळून घ्यायचा, म्हणजे वळतो. मधून गुंडाळायला सुरुवात करायची आणि दर वेढा आधीच्या वेढ्याला दाभणाने दोऱ्यात शिवायचा. शेवटचा वेढा थोडा वर चढवायचा, म्हणजे काठ होतो. वाळल्यावर बाहेर आलेले केस मेणबत्तीवर झरझर फिरवून जाळायचे, लांब धरून, जवळ पाणी ठेवून. (सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण तेव्हा बाबांसमोर उच्चारायची हिंमत झाली नाही.) खाली मखमलीचा तुकडा शिवायचा, नाहीतर पॉलिशवर ओरखडे येतात.

चकती बाबांनी धरली, दाभण मी चालवलं. हात थरथरत होता, पण दोन्ही तळव्यांत वेढे दाबून धरले की बराच स्थिर राहायचा. दोनदा दाभण त्यांच्या अंगठ्याला लागलं. मी थांबलो तर म्हणाले, "चालू दे. आता उसवलं तर पहिल्यापासून." संध्याकाळपर्यंत चार झाल्या. एकही नीट गोल नाही.

रविवारी सकाळी बाबांचे मित्र आले. आईने चहा आणला आणि मी श्वास रोखून पेपरात तोंड घातलं. बाबांनी कप उचलला, प्यायले, खाली ठेवला. थोडा सांडला, तो काथ्याने पिऊन टाकला. आवाज? काहीच नाही. मित्रांनी चकती उचलून विचारलं, "कुठून आणलीत?"

"घरीच केली," बाबा म्हणाले. "पोरगा मदतीला होता."

मदतीला!! बरं, चालेल.

त्यांचा कंप काही गेलेला नाही, आणि चौदा वर्तुळंही टीपॉयवर तशीच आहेत. पण परवा आईचा फोन आला की बाबा बाजारातून सुंभाचं नवीन भेंडोळं घेऊन आलेत. एक वाकडी चुंबळ इथे माझ्या टेबलावर, लॅपटॉपशेजारी आहे. हे टाइप करताना तिच्यावरचा चहा गार झालाय, तर तूर्तास इतकंच :)