शोपियांची बुखारी आणि आपला बंब



थंडी पडली की आपल्या घरात विस्तव येतो. कुणाकडे पहाटे बंब पेटतो, कुणाकडे शेगडी. कुणी रानातल्या शेकोटीचे निखारे घमेल्यात भरून खोलीत आणतो. आपण विस्तवाबरोबर वाढलेली माणसे. त्याविषयी आपल्याला कुणी काही शिकवावे असे वाटत नाही. मलाही वाटत नव्हते. पण काश्मीरमधल्या एका म्हाताऱ्या बाईने मला जे दाखवले, ते मी फार उशिरा शिकलो. तुम्हाला उशीर होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

२०२३ सालच्या फेब्रुवारीत आम्ही चौदा जण सफरचंदाची छाटणी पाहायला निघालो. बारा जण द्राक्ष आणि डाळिंब बागाईतदार आणि दोघे आम्ही शेती खात्यातले. जम्मूहून बसने घाट चढत बनिहालला आलो. तिथे २०२१ साली वाहतुकीला खुला झालेला सुमारे साडेआठ किलोमीटरचा बोगदा आहे. तो ओलांडून काझीगुंडला बाहेर पडलो आणि बघतो तर चहूकडे पांढरेशुभ्र. आमच्यातले एक पाटील डोळे चोळत म्हणाले, "साहेब, इथं कापसाच्या गंज्या फुटल्या की काय!"

काश्मीरचे लोक हिवाळ्याची वाटणी करतात. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे चिल्लई कलान, थोरली थंडी. पुढचे वीस दिवस चिल्लई खुर्द, धाकटी थंडी. शेवटचे दहा चिल्लई बच्चा, म्हणजे थंडीचे पोर. आम्ही धाकटीत पोचलो होतो, तरी बसमधून उतरताच दात वाजू लागले.

शोपियांजवळच्या एका खेड्यात आमच्यातल्या चौघांची सोय एका बागाईतदाराच्या घरी केली होती. विटांचे दुमजली घर, वर उतरते पत्र्याचे छप्पर. मागे सफरचंदाची बाग, झाडे निष्पर्ण, बुंध्याशी बर्फ. छाटलेल्या फांद्यांच्या मोळ्या पडवीत नीट रचलेल्या. आपण द्राक्षाच्या काड्या बांधावर जाळून टाकतो. तिथे छाटणीची काडीसुद्धा वाया जात नाही, सरपण होते नाहीतर कोळसा. शरद ऋतूत चिनाराची गळलेली पाने गोळा करून बायका त्यांचाही कोळसा पाडतात. तो कांगडीत घालतात. कांगडी म्हणजे वेताच्या विणीत बसवलेले मातीचे बोळके. ते फेरनच्या आत धरून माणसे हिंडतात.

आम्हाला बसवले त्या खोलीच्या मधोमध बुखारी होती. बुखारी म्हणजे पत्र्याचे कमरेएवढे उभे पिंप. वर झाकण, त्यातून लाकूड घालायचे. तळाशी लहानसे दार, त्यातून वारा आत जातो आणि राखही काढता येते. पाठीमागून पत्र्याची नळी निघते, ती वर जाऊन खिडकीतून बाहेर काढलेली. नळी जाते तिथली काच काढून पत्रा बसवला होता. तापलेली नळी लाकडी चौकटीला लागू नये हा त्यातला हेतू. सगळे पिंप वाळू भरलेल्या पत्र्याच्या ताटात उभे, आणि गालिचा त्यापासून चांगला हातभर दूर.

संध्याकाळी घरातल्या आजी बुखारी पेटवायला आल्या. त्या काश्मिरी बोलत आणि नातू आम्हाला हिंदीत सांगे. आधी त्यांनी राख काढली, पण तळाला बोटभर थर ठेवला. मग नळीवर काठीने टकटक करून आवाज ऐकला. काजळी साठली की आवाज बद्द येतो. साठलेली काजळी एखाद्या दिवशी नळीतच पेटते आणि घराला आग लावते, म्हणून दर आठ-पंधरा दिवसांनी नळी उतरवून झाडतात.

नंतर त्यांनी खालचे दार आणि नळीतली झडप पूर्ण उघडली. कागदाचा बोळा पेटवून नळीच्या तोंडाशी धरला. मी विचारले, हे कशासाठी? नातू म्हणाला, थंड नळीत धूर चढत नाही, उलटा खोलीत उतरतो. आधी नळी गरम करायची, मग ती धूर ओढते. ज्वाळा नळीकडे झुकलेली दिसली तेव्हाच आजींनी चिपाट्या ठेवल्या, त्यांवर अंगठ्याएवढ्या काटक्या आणि त्या धडधडल्यावर जाड लाकूड. रॉकेलचा थेंबही नाही. लाकूड ठणठणीत वाळलेले, एकमेकांवर आपटले की खणकन वाजणारे. ओल्या लाकडाची बरीच आग त्यातले पाणी उडवण्यातच जाते आणि काजळीही जास्त धरते.

लाकडाचे निखारे झाल्यावर कोळसा. तोही एकदम नाही, ओंजळ-ओंजळ. एका बाजूला निखारे उघडे ठेवून दुसऱ्या बाजूला नवा कोळसा सरकवायचा. उघड्या बाजूची ज्वाळा नव्या कोळशातून निघणारा वायू जाळून टाकते. सगळा विस्तव कोळशाने झाकला तर तो वायू न जळता साठतो, आणि मग कधी भडका, कधी घुसमट. लाकूड राखेवर बसूनही जळते, पण कोळशाला वारा खालून लागतो, म्हणून कोळशाच्या बुखारीत जाळी असते. विस्तव बसल्यावर खालचे दार निम्मे लावले की आग मंद होते. नळीतली झडप मात्र पुरती कधी लावायची नाही.

हे सारे झाल्यावर आजी उठल्या आणि त्यांनी पलीकडची खिडकी दोन बोटे उघडली. बाहेर बर्फ पडत होता! आमचे पाटील कळवळून म्हणाले, "आजी, आत्ताशी कुठं ऊब आली, आणि वारा कशाला घेता?"

आजी हसल्या. नातवाने त्यांचे बोलणे सांगितले, "आगीलाही श्वास लागतो. खिडकीतून दिला नाही तर ती आपला घेते."

बंधू-भगिनींनो, त्या शब्दांनी माझ्या छातीत कळ उठली. कारण सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी निफाड भागात कडाक्याची थंडी पडली होती. मी गावोगाव बैठका घेऊन सांगत होतो की पहाटे बागेत शेकोट्या पेटवा, धूर करा, पाणी द्या, घड वाचतील. सल्ला बरोबर होता आणि घड वाचलेही. एका बागेत राखणीला म्हातारा-म्हातारी होती. पहाटे शेकोटी विझत आली तेव्हा म्हाताऱ्याने लालभडक निखारे घमेल्यात भरले आणि पत्र्याच्या खोलीत नेले. धूर नव्हता, वास नव्हता. फटींना पोती लावली आणि दोघे निजली. दिवस वर आला तरी दार उघडेना, म्हणून मालकाने ते तोडले. म्हातारी वाचली. म्हातारा गेला.

मी शेकोटी पेटवायला सांगितले होते. उरलेल्या निखाऱ्यांचे काय करायचे हे मी कुठल्याच बैठकीत सांगितले नव्हते.

धूर दिसतो म्हणून आपण धुराला भितो. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, गरगरते, मळमळते, झोप येते आणि हातपाय इतके गळतात की माणसाला दारापर्यंत जाता येत नाही. निजलेल्याला तर काहीच कळत नाही.

रात्री जेवणानंतर नातवाने तांब्याच्या सामोवारातून नून चहा ओतला. सामोवाराच्या मधोमध निखाऱ्यांची नळी आणि भोवती चहा. मी म्हणालो, "अरे, हा तर आमचा बंब!" खरेच, आपल्या बंबाची रचना तीच. मधोमध नळी, खाली जाळी, भोवती पाणी. खालून वारा शिरतो, नळीतून धूर वर निघतो. पण एक फरक ध्यानात घ्या. बुखारीची नळी घराबाहेर जाते, बंबाची नळी बंबावरच संपते. म्हणून बंबाची जागा अंगणात किंवा उघड्या पडवीत. दार लावलेल्या न्हाणीघरात पेटता बंब ठेवून कुणीही अंघोळीला बसू नये. बंबात पाणी भरल्याशिवाय विस्तव घालू नये, नाहीतर डाग सुटून बंब गळू लागेल. शेगडीला आणि घमेल्याला तर नळीच नाही. ती निजण्याच्या खोलीत नेऊच नयेत. शेकायचे तर उघड्यावर शेका, मग घरात या आणि गोधडी घ्या.

राखेचेही सांगतो. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. ती झाकणाच्या लोखंडी बादलीत काढा आणि कडब्याच्या गंजीपासून दूर ठेवा. विस्तव असलेल्या घरात एकापेक्षा जास्त माणसांचे डोके एकदम दुखू लागले तर ती थंडी नव्हे. दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि तडक दवाखाना गाठा. तिथे प्राणवायू देतात. लिंबू-कांद्याने यात काही होत नाही.

त्या रात्री निजण्यापूर्वी आजींनी बुखारीत नवा कोळसा घातला नाही. विस्तव आपोआप शांत होऊ दिला आणि आमच्या अंगावर एकेक जाड रजई टाकली. पहाटे खोली गार पडली होती, पण खिडकीच्या दोन बोटांच्या फटीतून ताजी हवा येत होती. आम्ही चौघेही जागे झालो आणि बागेत छाटणी पाहायला गेलो.

छाटणीचे मी बरेच काही लिहून आणले आहे, ते पुढे कधी तरी सांगेन. आज थंडीचे दिवस आहेत, म्हणून हे आधी. आता मी बैठकीत शेकोटी पेटवायला सांगतो, तेव्हा निखारे रानातच पाणी ओतून विझवायलाही सांगतो. आज रात्री दार लावण्यापूर्वी तुम्हीही एकदा पाहून घ्या, घरात विस्तव कुठे राहिला आहे का.