बैठक

दिवाळीचा किल्ला हा मुलांचा खेळ, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी सहामाहीच्या सुट्टीत वसईला आमच्या अंगणात डोकावून जावे. चिरंजीव माती कालवीत असतात, कन्या अळीव पेरीत असते आणि मराठीचा एक प्राध्यापक चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बोटाच्या पेराएवढ्या मावळ्याला मिशा काढीत असतो. तपासायचे पेपर शेजारीच असतात. “विद्यार्थ्यांना माहीत आहे का हे?” असे आमच्या सौभाग्यवती विचारतात. मी उत्तर देत नाही. मिशी काढताना बोलले की ती गालावर जाते.

बाजारात मावळे मिळतात. नाही असे नाही. पण ते सारे एका साच्यातले, आणि सगळ्यांचे चेहरे फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे. शिवाय पहारेकरी तटापेक्षा उंच! माणूस लहान केल्याशिवाय किल्ला मोठा होत नाही, हे साधे गणित आहे. म्हणून तारेच्या सांगाड्यावर शाडू चढवून मी माझी फौज स्वतःच उभी करतो. एक शिपाई जेमतेम इंचभर.

रंगवण्याचेही शास्त्र आहे. शिपाई आधी दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर चिकटवावा, म्हणजे रीळ धरता येते आणि त्याच्या अंगाला बोट लागत नाही. प्रथम सर्वांगाला गडद तपकिरी रंग द्यावा. तो वाळला की त्यावर अंगरखा, शेला, पागोटे. पण चुण्यांमधला गडद रंग तसाच सोडावा. तीच सावली. रंग खऱ्यापेक्षा थोडा उजळ घ्यावा, कारण लहान वस्तू आहे त्याहून काळपट दिसते. डोळे मात्र काढू नयेत. एवढ्याशा चेहऱ्यावर डोळे काढले की शिपाई भूत पाहिल्यासारखा दिसतो; भुवईखाली नुसती सावली ठेवली की तो खुशाल तुमच्याकडे पाहू लागतो.

पण खरी कसोटी रंगाची नव्हे, बैठकीची. जुन्या कोटाचे बटण घ्यावे, त्यावर शिपाई चिकटवावा, भोवती डिंक लावून बारीक वाळू भुरभुरावी. वाळूवर तपकिरी पाणी सोडावे. ते वाळले की कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवरून फिकट रंग ओझरता फिरवावा. हिरव्या रंगात बुडवून वाळवलेला लाकडाचा भुसा म्हणजे गवत. बैठकीवाचून शिपाई वाऱ्याने पडतो, हे तर खरेच. पण तो कुठे उभा आहे हेही कळत नाही. वाळू घातली की तो समुद्रकाठचा, काळी माती घातली की देशावरचा. शिपाई तोच! वर्गात मी ‘लेखकाची वैचारिक बैठक’ हे शब्द वर्षानुवर्षे उच्चारीत आलो आहे. त्यांचा अर्थ मला या बटणांनी सांगितला.

पाश्चात्त्य देशांत हा छंद मोठी माणसे उघड उघड करतात. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने तर खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम सांगणारे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ साली काढले. खऱ्या युद्धापेक्षा हे युद्ध बरे, असे त्याचे सांगणे होते. पुढल्याच वर्षी जगाने आपण ते ऐकले नसल्याचे दाखवून दिले.

वसईत राहून रायगड बांधणे मला पटेना. आमचा किल्ला जवळच आहे. १५३४ पासून तो मुलूख पोर्तुगीजांकडे होता. १७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेने वेढा घातला. मे महिन्यात सुरुंगांनी सान सेबास्तियन बुरुज ढासळला आणि फिरंग्यांनी तह करून किल्ला सोडला. आता फिरंगी शिपाई बाजारात कुठून मिळणार? मी निम्म्या फौजेला पागोट्यांऐवजी टोप्या दिल्या.

मागल्या दिवाळीत मांडणी पुरी झाली तेव्हा शेजारच्या वाडीतला एक ख्रिस्ती मुलगा, चिरंजीवांचा वर्गबंधू, किती तरी वेळ उकिडवा बसून पाहत होता. मग त्याने विचारले, “काका, ह्यांतले आमचे कोण?”

चिरंजीवांनी तत्परतेने टोपीवाल्यांकडे बोट दाखवले.

“ते नाहीत,” तो म्हणाला. “ते तर बोटीत बसून गेले. आमची वाडी इथेच आहे.”

पोराने शंभर गुणांचे उत्तर दिले होते. फिरंगी गेले, पेशवे आले, १७८० साली इंग्रजांनीही किल्ला एकदा घेतला; केळीला पाणी घालणारा कुठेच गेला नाही. वेढ्याच्या त्या तीन महिन्यांत त्याने काय खाल्ले, कुठे निजला, हे कुणी विचारीत नाही. मी पुन्हा शाडू भिजवला. लाल लुगड्यातली टोपलीवाली, बैल घेऊन निघालेला वाडीवाला, जाळे खांद्यावर टाकलेला कोळी अशी माणसे झाली. त्यांना तटाच्या आत ठेवावे की मोर्च्यांच्या मागे? दोन्ही लष्करे आपला हक्क सांगणार! मुलगा म्हणाला, “विहिरीजवळ.” तेव्हा त्यांच्या बटणांवर वाळूऐवजी वाडीची ओली माती आणि केळीच्या सोपटाचे तंतू आले.

दिवाळी सरली. चिरंजीवांनी प्रथेप्रमाणे फटाका लावून बुरुज उडवला आणि सारी फौज जोड्यांच्या खोक्यात गेली. डिसेंबरात तो मुलगा दारात उभा. नाताळात त्यांच्या घरी बाळ येशूच्या जन्माचा गोठा मांडतात. “काका, ती टोपलीवाली आणि बैलवाला देता का?”

नाताळच्या दिवशी आम्ही सहकुटुंब पाहायला गेलो. गव्हाणीपासून चार बोटांवर ती दोघे आणि तो बैल उभी होती. गवतही खरे उगवलेले होते. त्यांच्यावर नव्याने रंगाचा एक हातही द्यावा लागला नव्हता, की पायाखालची माती बदलावी लागली नव्हती. शिपायांना मात्र कुणी बोलावले नव्हते. ते खोक्यातच होते.