जवसाला मोड आणताना

मटकीला मोड आणणे कुणाला शिकवावे लागत नाही. जवसाचे तसे नाही. पाणी लागताच ते बुळबुळीत होते. मटकीसारखे फडक्यात बांधले तर त्याचा गोळा होऊन आंबतो. म्हणून मी मातीच्या परळात चमचाभर जवस पातळ पसरते आणि दिवसातून दोन-तीनदा नुसते पाणी शिंपडते. दोन-तीन दिवसांत पांढरे मोड दिसू लागतात. ते कोशिंबिरीत घालावेत. आंबूस वास आला तर टाकून द्यावेत.

एवढी उस्तवार नको असेल तर रात्री चमचाभर जवस अर्धी वाटी पाण्यात भिजत घालावे. आमच्या सासूबाईंचे दात गेले, जवसाची चटणी त्यांना चावेना. आता भिजलेले जवस पाट्यावर वाटून, मीठ-जिरे घालून ताकातून देते. सबंध दाणा न चावता गिळला तर तसाच बाहेर पडतो, म्हणून वाटायचे. पोट साफ राहते. मात्र पाणी भरपूर प्यावे, आणि कच्चे जवस दिवसाला एक-दोन चमच्यांहून जास्त नको.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेले असते. धुतले तरी ते खाण्याजोगे होत नाही. पिशवीत उरलेले बियाणे लेकराबाळांच्या ताटात जाऊ देऊ नका. त्यापेक्षा सुगीतच घरचे चार शेर जवस निवडून वेगळ्या डब्यात ठेवा. माल बाजारात जाण्याआधी आपल्या माणसांचा वाटा काढलेला बरा.