मी बाहेर बसतो

‘तुम्ही पाहून या, मी बाहेर बसतो.’ ज्या घरात चाकांची खुर्ची आली आहे, त्या घराला हे वाक्य परिचयाचे असेल. पक्षाघातानंतर माझे यजमान ते इतक्या सहजपणे म्हणू लागले, की त्यामागची व्यथा मलाही जाणवेनाशी झाली. देवळाच्या पायऱ्या असोत वा वस्तुसंग्रहालयाचा जिना, ते बाहेरच्या बाकावर आणि मी आत. आत तरी माझे लक्ष कुठे लागत असे? दहा मिनिटांत लगबगीने परत यायचे, एवढेच माझे पाहणे. खरे तर पाहणे दोघांचेही हुकत होते.

लेकीकडे पॅरिसला गेलो, तेव्हा तिने लूव्र संग्रहालयाला जायचे ठरवले. ह्यांनी आदल्या रात्रीच आपले वाक्य उच्चारून ठेवले. लेक वाद घालत बसली नाही. ‘बाबा, तुमचे दिव्यांग ओळखपत्र पासपोर्टसोबत घ्या,’ एवढेच ती म्हणाली. तिथल्या भुयारी रेल्वेच्या बहुतेक जुन्या स्थानकांवर पायऱ्याच पायऱ्या असतात, म्हणून आम्ही बसने गेलो.

लूव्रमध्ये दिव्यांग व्यक्तीला प्रवेश विनामूल्य असतो आणि सोबतच्या एका व्यक्तीलाही. रांगेत ताटकळावे लागत नाही. मला मात्र संकोच वाटला. मी लेकीला म्हणाले, ‘अगं, मला कशाला फुकट? मी तर धडधाकट आहे.’ ती म्हणाली, ‘आई, तू नसशील तर बाबा आत येणार कसे?’

वाचकहो, त्या एका प्रश्नाने माझी समजूत बदलली. सोबत्याला मिळणारा प्रवेश हे बक्षीस नव्हे आणि दयाही नव्हे. दृष्टी अधू झालेल्याला चष्मा लागतो, तशी काहींना सोबत लागते. चष्म्याचे वेगळे तिकीट कोणी मागत नाही. लंडनच्या टॉवरमध्येही दिव्यांग व्यक्तीला सवलतीचे तिकीट असते आणि तिची काळजी घेणाऱ्याला विनामूल्य प्रवेश. शुश्रूषा करणाऱ्या आपल्यासारख्यांचे श्रम घरातही क्वचितच कोणाच्या ध्यानात येतात. तिथे ते प्रवेशाच्या नियमातच गृहीत धरलेले होते.

काचेच्या पिरॅमिडखाली गोल वळणाचा जिना आहे आणि त्याच्या मधोमध बिनछताची गोल लिफ्ट. चाकांच्या खुर्चीसह आम्ही तीतून अलगद खाली उतरलो. ओळखपत्र ठेवून खुर्ची तिथेही मोफत मिळते. ह्यांनी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. १८२० मध्ये मिलोस बेटावर सापडलेली व्हीनसची मूर्ती त्यांनी मुलांना पुस्तकातल्या चित्रावरूनच दाखवली होती. त्या मूर्तीसमोर आम्ही बराच वेळ थांबलो. चालता येणाऱ्या डाव्या हाताने ते हवेत तिच्या खांद्याची रेषा काढत होते. रात्री जेवताना त्यांनी विचारले, ‘उद्या कुठे जायचे?’ आजारपणानंतर हा प्रश्न मी प्रथमच ऐकत होते.

अशा सवलतींसाठी परदेशीच जायला हवे, असे नाही. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सांस्कृतिक जीवनात आणि करमणुकीत इतरांच्या बरोबरीने सहभागी होणे हा हक्क मानला आहे. रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांची सवलत २०२० पासून थांबली, तरी सोबतीशिवाय प्रवास न करू शकणाऱ्या दिव्यांगांना ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्रावर सवलत मिळते आणि एका सोबत्यालाही. अजिंठ्याला चढण झेपत नसेल, तर डोली मिळते. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ पासून स्पर्शाने अनुभवण्याचे ‘अनुभव’ दालन आहे.

आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगते. केवळ वय झाले म्हणून या सवलती मिळत नाहीत. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. म्हणून यूडीआयडी ओळखपत्र काढून घ्या आणि मूळ ओळखपत्र जवळ बाळगा. निघण्यापूर्वी दूरध्वनीवर विचारा: उतार कोणत्या दाराशी आहे, लिफ्ट चालू आहे का, खुर्ची जाईल असे स्वच्छतागृह आहे का, सोबत्याला तिकीट लागते का. सवलतीची पाटी दिसली नाही, तरी खिडकीवर विचारा. अनेकदा सवलत असते, पण न विचारता मिळत नाही. आणि एका दिवशी एकच ठिकाण पाहा. थकवा आला, तर परत फिरण्यात कमीपणा मानू नका.

अजूनही सगळीकडे आत जाता येते, असे नाही. कधी उताराच्या तोंडाशी दुचाकी लावलेली असते, तर कधी लिफ्टला कुलूप. अशा वेळी परत यावे लागते आणि वाईटही वाटते. पण आता हे बाक शोधत नाहीत. प्रवेशद्वाराशी पोहोचताच तेच विचारतात, ‘खुर्ची कुठून न्यायची?’