उणे १२५

बाबांच्या तळपायाची मधुमेहाची जखम दोन महिने भरत नव्हती. पाय जाईल, ही भीती घरात कुणी बोलत नव्हतं. सर्जननी जखमेत काळा स्पंज बसवला, वर प्लास्टिक चिकटवून नळी पंपाला जोडली. स्क्रीनवर आकडा : उणे १२५ मिलिमीटर पारा.

"हे ओढतंय की भरतंय?" बाबांनी विचारलं.

मी वाचत बसलो. पंप साचलेलं पाणी खेचतो, सूज उतरवतो, पेशींना किंचित ताण देतो. तळाशी लाल, दाणेदार मांस आलं की कडेच्या त्वचापेशी एकमेकींना धरून ओलाव्यावरून आत सरकतात. चालायचं त्यांनाच असतं; पंप वाट करून देतो.

मला मात्र रोज प्रोग्रेस बार हवा होता.

तिसऱ्या आठवड्यात ड्रेसिंग बदलताना कडेला पातळ गुलाबी रेघ दिसली.

"बाबा, भरतंय."